विजेला जात नसते, वायरिंगला असते

"करंट काय जात बघून लागत नाही." वस्तीत कुणी विजेच्या धक्क्याने गेले की जलदानविधीला जमलेल्या माणसांत हे वाक्य हमखास निघते. म्हणणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असतो. ज्याची वेळ भरली तो गेला, आता कुणाला दोष देत बसू नका, एवढेच त्याला सांगायचे असते. पण आम्हाला हे वाक्य मान्य नाही. करंट जात बघत नाही हे खरे. मात्र ज्या वायरीतून तो घरात येतो ती किती जाड, घर खांबापासून किती लांब, घराला अर्थिंग आहे की नाही, मीटर कुणाच्या नावावर आणि घराखालची जागा कुणाच्या नावावर, या पाचही प्रश्नांची उत्तरे आपल्या गावांत जात बघूनच ठरलेली आहेत. म्हणून घरच्या लाइनवर वेल्डिंग मशीन चालवणाऱ्या आपल्या तरुणांविषयी आज लिहीत आहोत. विषय तांत्रिक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आम्ही नगर जिल्ह्यात, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर जिल्ह्यात, वस्त्यांमधून काम करतो. समाजशास्त्रात एम. ए. करताना जातीची उतरंड पुस्तकातून शिकलो. वस्तीत आल्यावर कळले की ती पावलांनी मोजता येते. ट्रान्सफॉर्मरपासून चालायला लागायचे आणि शेवटच्या खांबापर्यंत जायचे. शेवटच्या खांबानंतर जी सर्व्हिस वायर झाडाला, बांबूला टेकत टेकत पुढे जाते, तिच्या टोकाला बहुतेक वेळा आपले घर असते.

या घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू आली आहे. हाताने उचलता येईल एवढे छोटे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. पोरगा आयटीआयमधून वेल्डर होतो. नागापूर किंवा सुपा एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली काही महिने काढतो. काम सुटले की गावात परततो, पाच-सात हजारांचे मशीन घेतो आणि दारातच धंदा मांडतो. नगर जिल्ह्यात या कामाला तोटा नाही. कांदाचाळी, गोठे, उसाच्या ट्रॉल्या, पत्र्याची शेड, खिडक्यांच्या जाळ्या, सगळीकडे जोडकाम लागते. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर बापाने सालगडी म्हणून हयात घालवली, त्याच शेतकऱ्याची ट्रॉली आता पोराच्या दारात दुरुस्तीला येते आणि ठरलेला भाव मोजून जाते. हा बदल आम्ही लहान मानत नाही. वेल्डिंग हा कुण्या जातीच्या नावाने वाटून दिलेला धंदा नाही. तो हुनरावर चालतो.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात जमिनीवर साचलेले जादा मनुष्यबळ उद्योगाकडे वळवण्याचा विचार मांडला होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि विजेचे धोरण त्याच खात्याच्या कक्षेत होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट औद्योगिकीकरणाशी आणि औद्योगिकीकरणाचा संबंध दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटण्याशी जोडला. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. तेव्हा आपला पोरगा विजेवर चालणारा धंदा करतो यात बाबासाहेबांचाच विचार चालतो आहे. प्रश्न एवढाच की हा धंदा ज्या वायरीवर चालतो, ती त्याला पेलते का?

आकडे काय सांगतात

अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर करंट लागतो. सव्वातीनच्या आसपासच्या रॉडला ९० ते १३०. हा झाला होल्डरकडचा करंट. भिंतीकडून मशीन किती ओढते, हा आपला मुद्दा आहे. १०० अँपिअरवर चालणारे साधे इन्व्हर्टर मशीन २३० व्होल्टच्या लाइनवर साधारण १८ ते २० अँपिअर ओढते. जुन्या धाटणीचे ट्रान्सफॉर्मरचे मशीन तेवढ्याच कामाला ३० अँपिअरपर्यंत जाते.

आता घराकडे बघा. दिव्या-पंख्याच्या बोर्डावरचे सॉकेट ६ अँपिअरचे असते, मोठे पॉवरचे सॉकेट १६ अँपिअरचे. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपमधून नेलेली असेल तर साधारण १५ अँपिअरला दमते. वीजबिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, तो बघा. तिथे एक किलोवॅट लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ जेमतेम चार-साडेचार अँपिअर.

वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २० अँपिअर ओढले तर तिथली उष्णता अकरापट होते. एखादा जोड मारला आणि थांबले तर काही दिसत नाही. दिवसभर काम चालले की पिन तपकिरी पडते, सॉकेट वितळते, भिंतीतल्या पाइपमध्ये वायरीचे आवरण कडक होऊन तडकते. हे आवरण ज्या दिवशी तडकते त्या दिवशी काहीच होत नाही. होते ते पुढच्या पावसाळ्यात. तोवर मशीन विकलेलेही असते आणि लोक म्हणतात, शॉर्टसर्किट झाले, कशाने कोण जाणे.

त्यात शेवटच्या खांबावर व्होल्टेज कमी. इन्व्हर्टर मशीनला व्होल्टेज कमी मिळाले की तेवढ्याच कामासाठी ते जास्त करंट ओढते. म्हणजे ज्याची लाइन आधीच अशक्त, त्याच्याच वायरीवर ताण जास्त. वस्तीतले सगळे दिवे मशीनच्या ठिणगीबरोबर मिचकावतात ते यामुळेच. मग किटकॅट फ्यूज सारखा उडतो, आणि त्यावर उपाय म्हणून फ्यूजच्या जागी वायरीचा जाड पीळ घातला जातो. फ्यूज उडणे हा इशारा होता, तो आपणच बंद केलेला असतो.

काही ठिकाणी दोन फेजवर चालणारे जुने मशीन असते. घरात एकच फेज, म्हणून दुसरा फेज शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतलेला आम्ही पाहिला आहे. अशा वेळी मशीनला ४०० व्होल्टच्या वर दाब मिळतो, आणि आपले बटण बंद केले तरी शेजाऱ्याकडून आलेली वायर जिवंतच राहते. बटण बंद केलेच आहे, या भरवशावर हात घालणारा माणूस तिथे दगावतो.

'अर्थिंग' या शब्दाने केलेला घोटाळा

आपल्या तरुणांना आम्ही विचारतो, मशीनला अर्थिंग आहे का? ते लगेच म्हणतात, आहे ना, आणि जोडकामाला लावलेला चिमटा दाखवतात. वर्कशॉपमध्ये त्या चिमट्याला अर्थिंगच म्हणतात. पण तो चिमटा वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेण्यासाठी असतो. मशीनच्या लोखंडी पेटीत फेज उतरला तर तो जमिनीत सोडणारी वायर वेगळी. ती तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनेतून जाते आणि घराबाहेर जमिनीत पुरलेल्या पाइपला किंवा पट्टीला मिळते. आपल्या बहुतेक घरांत ती पिन सॉकेटमध्ये जाते आणि तिथेच संपते. पुढे वायरच नसते. एकाच शब्दाने दोन गोष्टी ओळखल्या जात असल्यामुळे नसलेली गोष्ट आहे असे वाटत राहते.

याहून वाईट प्रकार आहे. न्यूट्रल तुटला की काही जण जमिनीतल्या सळईचाच न्यूट्रल करतात. दिवा लागतो, काम भागते. पण त्या सळईत आणि तिच्या आजूबाजूच्या ओल्या मातीत करंट खेळत राहतो. तिथे शेळी बांधलेली असते, पोरे खेळत असतात.

आणि आपली घरे पत्र्याची. राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीत एक बाई आम्हाला म्हणाल्या, भांडी घासताना भिंतीला हात लागला की मुंग्या येतात. त्यांच्या घरात वेल्डिंग मशीन नव्हते, ते शेजारच्या घरात होते. दोन्ही घरांची पत्र्याची भिंत एकच. वायरमनला नेऊन तपासले, तेव्हा कळले की मशीनची केबल पत्र्याला भोक पाडून बाहेर काढली होती आणि पत्र्याच्या धारेने तिचे आवरण कापले गेले होते. उन्हाळा होता, जमीन कोरडी होती, म्हणून मुंग्यांवर भागले. त्याच भिंतीला कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती. पावसात ओला कपडा त्या तारेवर टाकणारी बाई वाचली नसती. आम्ही तिथेच ती केबल काढायला लावली आणि रबरी नळीतून दुसरी नेली.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. धंदा करणारा पुरुष असतो, त्याच्या पायात बूट असतात, हातात मोजे असतात. ओल्या हाताने, अनवाणी पायाने त्याच भिंतीशी दिवसभर वावरते ती घरातली बाई. धोका जो पत्करतो तो एक आणि भोगतो तो दुसरा, हे आपल्याला ओळखीचे आहे. गावाने आपल्याशी तेच केले. आपल्याच घरात आपण ते करायचे का?

एमसीबी आहे, मग भीती कसली?

हा प्रश्न शिकलेले तरुणही विचारतात. हिशेब करा. ओल्या शरीराचा विरोध साधारण एक हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर करंट जातो. माणसाच्या छातीचे स्नायू आणि हृदय बंद पडायला त्याहून कितीतरी कमी करंट पुरतो. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. त्याच्या लेखी माणसातून जाणारे २३० म्हणजे एखादा पंखा चालू झाला, एवढेच. माणूस जातो, एमसीबी जागचा हलत नाही. एमसीबी वायर वाचवतो.

माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत लाइन तोडतो. बाजारात तो साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. पण त्यालाही मर्यादा आहे. होल्डरच्या बाजूचा धक्का त्याला कळत नाही, कारण मशीनच्या आत ती बाजू वेगळी केलेली असते. मशीन नुसते चालू असताना होल्डरवर ६०-७० व्होल्ट असतात. घामाने भिजलेल्या माणसाला तेवढे पुरतात. म्हणून कोरडे चामडी मोजे, न फुटलेला होल्डर, पायाखाली कोरडी फळी आणि पावसात काम बंद, याला पर्याय नाही.

मग रीतसर लाइन का घेत नाहीत?

बाहेरचा माणूस म्हणतो, या लोकांना शिस्त नाही. आम्ही कारण विचारले तेव्हा दोनच उत्तरे पुन्हा पुन्हा आली. एक, जागा नावावर नाही. घर गायरानात, सातबारा नाही. दोन, घरात धंदा चालतो हे कळले तर दंड होईल.

पहिल्याचे उत्तर कायद्यात आहे. वीज अधिनियम २००३च्या कलम ४३ मध्ये वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दिलेला आहे. 'किंवा' हा शब्द आपल्यासाठी आहे. राहणाऱ्यालाही अर्ज करता येतो. आम्ही एका कार्यालयात असा अर्ज घेऊन गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सातबारा मागितला. आम्ही कलम दाखवून अर्जाची पोच मागितली. पोच मिळायला तीन खेपा झाल्या, पण मिळाली. तोंडी नकार घेऊन परत यायचे नाही, हा धडा सगळ्यांनी घ्यावा. २०२१ साली १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या मुदतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत आणि तीही पाच हप्त्यांत भरून जोडणी देण्याची ती योजना होती. चांगली गोष्ट होती. पण जोडणी मीटरपर्यंत येते. मीटरच्या पुढची वायर, अर्थिंग, आरसीसीबी हे ज्याचे त्याने बघायचे. उजेड सवलतीत येतो, सुरक्षितता पदरच्या पैशाने घ्यावी लागते.

दुसरी भीती कलम १२६ची. मंजूर कारणाखेरीज वेगळा वापर सापडला तर दुप्पट दराने आकारणी होते, हे खरे. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्यांसाठी तरतूद केलेली आहे. महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि वर्षाला ३,६०० युनिटांपर्यंत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. चालू आदेशात ही टीप काढून बघा आणि जवळ ठेवा. मंजूर भार वाढवून घेणे मात्र गरजेचे आहे. भीतीपोटी मशीन लपवले जाते, लपवले की वायरमनला बोलावता येत नाही, आणि वायरमन नाही म्हणून माणूस मरतो. या साखळीतली पहिली कडी अज्ञानाची आहे आणि ती आपण तोडू शकतो.

"दादा, आधी पोट, मग आरसीसीबी"

एका तरुणाने आम्हाला हे तोंडावर सुनावले. त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दोन हजारांत त्याच्या घराचा आठवड्याचा किराणा आणि रॉडचा पुडा येतो. पण त्याच वस्तीत त्याच महिन्यात जयंतीची वर्गणी निघाली होती आणि डीजेचा आकडा ऐकून आम्ही गप्प झालो. जयंती झालीच पाहिजे. मिरवणूक हा आपला हक्क आहे, तो झगडून मिळवला आहे. पण रोषणाईला मंडपवाला जनरेटर आणतो, आणि तिच्या झगमगाटामागच्या घराला साधी अर्थिंगची पाइप नसते, हे बाबासाहेबांच्या जयंतीला शोभते का? डीजेचे दोन तास कमी केले तर चार घरांना आरसीसीबी बसतो.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्याच दिवशी ११ रुग्ण गेले. तेव्हापासून ऑडिट हा शब्द जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी झाला. ऑडिट दवाखान्याचे होते, मॉलचे होते. वस्तीचे कुणी करत नाही. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी बारा हजारांहून जास्त माणसे मरतात. सरकारी तक्त्यांत त्यांचे वय असते, स्त्री की पुरुष ते असते. जात नसते. म्हणून "करंट जात बघत नाही" हे वाक्य खोडून काढायला आपल्याकडे आकडा नाही. तो आपल्यालाच वस्तीवस्तीतून गोळा करावा लागेल.

आणि दुर्घटना घडलीच तर? आधी मेन बंद. बंद होत नसेल तर कोरड्या लाकडाने माणूस वेगळा करा, हात लावू नका. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ला फोन करा. मृत्यू झाला तर नुसती अकस्मात मृत्यूची नोंद करून मोकळे होऊ नका. वीज अधिनियमाच्या कलम १६१ खाली अशा अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला जायला हवी आणि चौकशी व्हायला हवी. तार तुटलेली होती का, न्यूट्रल सैल होता का, हे त्या अहवालात येते. भरपाईचा दावा त्या कागदावर उभा राहतो. त्याआधी वायर गुंडाळून ठेवली, मशीन हलवले, तर पुरावा गेला.

आमच्या मागण्या दोन आहेत, एक स्वतःकडे आणि एक व्यवस्थेकडे.

स्वतःकडची अशी. प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने आपल्यातले दोन तरुण वायरमनच्या कामात तयार करावेत. परवानाधारक वायरमनला सोबत घेऊन घरे तपासावीत. जिथे वेल्डिंग चालते तिथे मीटरपासून स्वतंत्र लाइन, किमान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि जमिनीपर्यंत खरोखर पोचलेली अर्थिंग, एवढे होईपर्यंत मशीन लावू नये. परतीचा चिमटा कामाच्या जवळच लावावा, घराच्या पत्र्याला किंवा नळाला नाही.

व्यवस्थेकडची अशी. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी जिल्हा परिषदेमार्फत येतो. त्यातून समाजमंदिरे झाली, रस्ते झाले. आता वस्तीत थ्री-फेज जोडणीची, पक्क्या अर्थिंगची एक सामायिक कार्यशाळा मागू या. वेल्डर, सुतार, पिठाची गिरणी चालवणारी बाई, सगळ्यांनी भाडे भरून तिथे काम करावे. हे स्वप्नरंजन नाही. याच जिल्ह्यात श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा संस्थेने २०११ पर्यंत सहकारातून वीज वाटली. ज्या जिल्ह्यात गावेच्या गावे सहकाराच्या विजेवर चालली, तिथे एका शेडला सहकाराची वीज मिळायला काय हरकत आहे?

येत्या ग्रामसभेत हा ठराव लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावाच्या आधी आजच घरी जाऊन सॉकेट उघडायला वायरमनला बोलवा, आणि जाड पिनेच्या मागे वायर आहे का, तेवढे बघा.

जय भीम!